सात स्टडपैकी दोन: एका एक्झॉस्ट मॅनिफोल्डची पूर्ण हकीकत

गाडी पावसाळा संपता संपता आली. २००९ सालची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. मालक रत्नागिरीजवळच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेत शिक्षक. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आणि गाडी इतकी वर्षं उघड्यावरच उभी. सरांची तक्रार एकच होती. सकाळी गाडी चालू केली की इंजिनातून टकटक आवाज येतो आणि पाच-सात मिनिटांत विरून जातो. दोन ठिकाणी त्यांना टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) सांगितले होते. एकदा ते सेट करूनही झाले होते, आवाज मात्र जसाच्या तसा.

थंड इंजिनावर येणारा आणि तापल्यावर जाणारा आवाज ऐकला की मी आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे बघतो, म्हणजे सिलिंडरांतला जळका गॅस गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागाकडे. मॅनिफोल्ड आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) यांच्यामधल्या गॅस्केटच्या सीलपाशी बारीक फट असेल तर सिलिंडरच्या प्रत्येक फटक्याला तिथून गॅस बाहेर मारतो आणि तो हुबेहूब टॅपेटसारखा वाजतो. मॅनिफोल्ड तापून फुगला की फट दाबली जाते, आवाज थांबतो. हीट शील्ड काढली तर पहिल्या पोर्टच्या बाजूला हेडवर काजळीचा काळा पंखा उमटलेला. हा नुसता आवाजाचा प्रश्न नव्हे. त्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, एखाद्या फटीतून तो केबिनमध्ये शिरू शकतो.

मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवतात ते स्टड, म्हणजे हेडमध्ये बसवलेले आट्यांचे दांडे, आणि त्यांवरच्या चाक्या (नट). त्या पहिल्या जागी चाकीच नव्हती. स्टड हेडच्या पातळीत तुटलेला, आणि आरसा धरून बॅटरी मारली तर त्याच्या तोंडात काळपट, काचेसारखा चकाकणारा तुकडा. तो एक्स्ट्रॅक्टरचा होता, म्हणजे तुटलेला बोल्ट काढायच्या हत्याराचा, ज्याला सगळे इझी-आउट म्हणतात. कुणीतरी आधी हा स्टड काढायला गेलं होतं, त्यात एक्स्ट्रॅक्टर मोडला, आणि मग बाकीच्या सहा चाक्या आवळून गाडी तशीच परत दिली. सरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मी त्यांना आरशात दाखवलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मला घाई नाही. पण आता जे कराल ते पूर्ण करा." अडकलेल्या बोल्टच्या कामात गिऱ्हाईक देऊ शकतं ती सगळ्यात मोठी मदत म्हणजे वेळ, आणि ती त्यांनी न मागता दिली.

कडेचाच स्टड का तुटतो

मॅनिफोल्डला एका ओळीत सात स्टड होते, आणि तुटलेला होता अगदी कडेचा. हा योगायोग नसतो. मॅनिफोल्ड बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. हेड पाण्याने थंड राहतं, नव्वद-शंभर अंशांच्या आसपास. मॅनिफोल्ड मात्र पाचशे अंशांच्या वर सहज जातो. बीड एका अंशाला मीटरमागे साधारण ११ मायक्रॉन वाढतं. ३५ सेंटिमीटर लांबीचा मॅनिफोल्ड ५०० अंशांनी तापला तर जवळपास २ मिमी लांब होतो. तेवढ्याच लांबीचं हेड ७० अंशांनी तापून अर्धा मिमीच वाढतं. उरलेला दीड मिमी दोन्ही टोकांना वाटला जातो, म्हणजे मधला स्टड जागच्या जागी आणि कडेचे दोघे प्रत्येक फेरीला रेटले जातात. म्हणूनच मॅनिफोल्डची भोकं थोडी सैल ठेवलेली असतात. ती गंजाने आणि काजळीने भरली की सगळा रेटा स्टडवर येतो. गाडी रोज शाळेपर्यंत जायची आणि यायची, म्हणजे दिवसातून दोनदा तापणं आणि दोनदा निवणं.

त्यात आमच्याकडची हवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि उरलेले महिने खारा वारा. लोखंड गंजलं की त्या गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, आणि आट्यांमध्ये ती जागा नसते. मग तो गंजच पाचरीसारखा काम करतो. हेडच्या बाजूला आणखी वेगळं चालतं. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकलेले, मध्ये खारट ओल, अशा जोडीत अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि आट्यांत पांढरी भुकटी दाटून बसते. जुन्या गाडीचं थर्मोस्टॅट हाउसिंग उघडलंय त्याला ही पांढरी भुकटी ओळखीची असेल.

सहा चाक्या

कामाला हात लावण्याआधी दोन दिवस फक्त तेल. संध्याकाळी चाक्यांवर आणि स्टडच्या टोकांवर मुरणारं तेल मारायचं, सकाळी इंजिन चालू करून गरम करायचं, बंद करून कोमट झालं की परत मारायचं. कोमट म्हणजे हात ठेवता येईल इतकं. लाल तापलेल्या मॅनिफोल्डवर असं तेल उडालं तर पेट घेतं. गरम-थंडच्या प्रत्येक फेरीत गंजाच्या थराला बारीक चिरा जातात आणि पुढच्या वेळी तेल आणखी आत उतरतं. सगळेजण डब्ल्यूडी-४० ही जी निळी-पिवळी फवारणी वापरतात, तिच्या नावातल्या दोन इंग्रजी अक्षरांचा मूळ अर्थ पाणी हटवणे असाच आहे. १९५३ साली अमेरिकेत ती गंज रोखायला तयार झाली, पुढचा ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा. अडकलेल्या आट्यांसाठी मुरणारं तेल वेगळं मिळतं, त्याच कंपनीचंही मिळतं. नसेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, म्हणजे ए.टी.एफ., आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं करून ड्रॉपरने सोडा. चांगलं मुरतं, पण अ‍ॅसिटोन पेट्रोलसारखाच पेटतो, हे विसरून चालणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शिकाऊ पोराने विचारलं, "दादा, लावू इम्पॅक्ट?" इम्पॅक्ट म्हणजे धक्के देत फिरवणारी गन. मी नको म्हटलं. आधी पितळी पोगर (टोला द्यायची कांडी) प्रत्येक चाकीवर टेकवून हातोडीचे चार-पाच टोले. आवाज ऐकत राहायचं. अडकलेली चाकी भरीव वाजते, गंजाची पकड सुटायला लागली की टोला जरा पोकळ लागतो. मग सहा कोनी गोटी (सॉकेट), बारा कोनी नव्हे, कारण गंजलेल्या चाकीचे कोपरे आधीच झिजलेले असतात आणि बारा कोनी गोटी त्यांना गोल करून टाकते. पहिली हालचाल आवळायच्या दिशेने, केसभर. मग सोडायच्या दिशेने. जरा हलली की परत मागे, तेल, परत पुढे. पाच जागा अशा मोकळ्या झाल्या. त्यांतल्या दोन ठिकाणी चाकीसकट स्टडच बाहेर आला. ते उलट बरंच, नाहीतरी नवे बसवायचेच होते.

सातवा, दुसऱ्या कडेचा, माझ्या हातात तुटला.

तो कसा तुटला ते नीट लिहितो. चाकी अर्धा फेरा आली होती, कुरकुरत. मागे-पुढे करताना एका क्षणी कुरकुर थांबली आणि पाना मऊ जायला लागला. ही जागा ओळखता आली पाहिजे. सुटणारी चाकी आधी 'कट्' करते आणि मग हलकी होते. तुटणारा स्टड 'कट्' करत नाही. तो ओल्या गुळासारखा पिळत जातो, जोर तेवढाच लागतो पण पाना बोटभर पुढे सरकतो. मला ते जाणवलं होतं. तिथे थांबून चाकी गॅसच्या ज्योतीवर लाल करायला हवी होती. दिवस मावळत आला होता, मी आणखी पाव फेरा घेतला आणि गोटी हातात आली, आत चाकी आणि स्टडचं टोक.

आकडे मांडले तर यात नवल काही नाही. ८ मिमीचा, ८.८ प्रतीचा स्टड २५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात आणि तो ३३-३५ ला पिळून तुटू शकतो. ३० सेंटिमीटरच्या दांड्याला २० किलोचा जोर लावला की ६० होतात. आटे मोकळे असतील तर हा जोर फिरवण्यात जातो. जाम असतील तर सगळाच्या सगळा पिळात जातो, आणि गंजाने कमरेत बारीक झालेला स्टड त्याहून खूप आधीच हात टेकतो.

सातवा: चाकी वेल्ड करून

मॅनिफोल्ड उतरवला. सातव्याचा ४ मिमी इतका खुंट हेडच्या वर शिल्लक होता. रेडिएटरचा पंखा काढल्यावर पुढून सरळ हात जात होता, हे नशीबच. बॅटरीच्या दोन्ही तारा काढल्या, इंजिनच्या कंप्युटरचा प्लग काढला, वेल्डिंगची अर्थ हेडलाच, खुंटाच्या शक्य तितक्या जवळ लावली. इंधनाच्या नळीवर ओलं फडकं, पोराच्या हातात अग्निशामक. खुंटावरचं सगळं तेल पुसून तारेच्या ब्रशने धातू पांढरा केला. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. वेल्डिंगच्या आधी क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारू नका. त्याच्या उरलेल्या थेंबांपासून आर्कच्या उष्णतेत फॉस्जीन होतो आणि तो जीवघेणा वायू आहे.

खुंटावर एक वायसर (वॉशर) ठेवून त्याच्या भोकातून आधी वायसर जोडला, मग वायसरवर १० मिमीची मोठी चाकी ठेवून आतून भरत आलो. मोठी चाकी अशासाठी की रॉडला आत जायला जागा मिळते. वेल्ड हेडला चिकटेल ही भीती नवशिक्यांना वाटते, पण पोलादाचा रॉड अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असलं की ही पद्धत म्हणूनच सोयीची.

पकडायला चाकी मिळते हा तिचा निम्मा फायदा. खरं काम उष्णता करते. खुंट आतपर्यंत लाल होतो, त्याला फुगायचं असतं, पण भोवतीचं हेड त्याला फुगू देत नाही, म्हणून तो आतल्या आत दबतो. निवताना मात्र तो मोकळेपणाने आकसतो आणि आधीपेक्षा किंचित बारीक होतो. गंजाचा आणि भुकटीचा थर तिथे मोडतो. हेड कोमट राहिलं की आणखी मदत होते. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा दुपटीने वाढतं, ८ मिमीच्या भोकात १०० अंशांना हा फरक साधारण ९ मायक्रॉन. माणसाचा केस सत्तर-एक मायक्रॉनचा. एवढ्याशा फटीवर आमचं सगळं काम चालतं.

लाली जाईपर्यंत थांबलो. मग मेणबत्ती खुंटाच्या बुडाशी टेकवली. मेण वितळून आट्यांकडे ओढलं गेलं, धूर निघाला. पहिला पाना लावला तेव्हा चाकी वायसरसकट उखडून आली. दुसऱ्यांदा वेल्ड केलं, जरा जास्त करंट ठेवून, आणि या वेळी पूर्ण दोन मिनिटं थांबलो. पाना पुढे केसभर, मागे केसभर. 'कट्.' नंतर तो खुंट दोन बोटांनी बाहेर आला, आट्यांत पांढरी भुकटी भरलेली. पोराने तो फडक्यात धरून बराच वेळ पाहिला. ती भुकटी त्याने पुस्तकात वाचली नव्हती आणि माझ्या सांगण्यानेही त्याला इतकी कळली नसती.

पहिला: एक्स्ट्रॅक्टरसकट

आता कठीण भाग. एक्स्ट्रॅक्टर वाईट हत्यार नाही, ते चुकीच्या जागी वापरलं जातं. जास्त आवळल्याने किंवा खाली टेकल्याने तुटलेला बोल्ट आट्यांत मोकळाच असतो, तिथे एक्स्ट्रॅक्टर छान चालतो. पण जाम झाल्यामुळे तुटलेल्या बोल्टचं गणित पाहा. ८ मिमीच्या स्टडचा गाभा साडेसहा मिमीचा. तो अख्खा गाभा पिळून तुटला, तरी आटे हलले नाहीत. त्यात ४ मिमीचं भोक पाडून त्याच मापाचं हत्यार घातलं. पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाने घटते, म्हणजे साडेसहाचे चार झाले की चौथा हिस्साही उरत नाही. एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा असतो म्हणून थोडी भरपाई होते, पण तो जितका कडक तितकाच ठिसूळ. शिवाय निमुळता असल्याने तो उरलेल्या पातळ भिंतीला बाहेर रेटतो आणि पकड आणखी घट्ट करतो. मोडल्यावर साधा ड्रिल त्याला खरवडतही नाही. जामसाठी एक्स्ट्रॅक्टर घालायचाच असेल तर आधी उष्णता द्या, भोक उलट्या फेऱ्याच्या ड्रिलने पाडा, आणि जोर एका बोटाचा. पुष्कळदा उलटा ड्रिलच बोल्ट घेऊन बाहेर येतो.

आम्ही तीनदा वेल्ड केलं. तुकड्यावर थेंब थेंब भरत वर उंचवटा आणला, त्यावर चाकी. तीनही वेळा चाकी उंचवट्यासकट निघाली. तिसऱ्यांदा तर कडक पोलादाचा पापुद्रा घेऊनच. चौथ्यांदा करायचं नाही असं मी ठरवलं, कारण आरशात आणखी एक गोष्ट दिसली होती: आधीच्या माणसाचं भोक मध्यावर नव्हतं. तुटलेला बोल्ट वर खडबडीत असतो. तो कानशीने किंवा ग्राइंडरने सपाट न करता, सेंटर पंच न मारता हातातल्या ड्रिलने सुरुवात केली की टोक घसरतं, आणि घसरतं ते मऊ अ‍ॅल्युमिनियमकडेच. इथे ते जवळजवळ आट्यांपर्यंत गेलं होतं. कार्बाइडच्या बरने (कोरायच्या फिरत्या टोकाने) मी हाताने कोरायला घेतलं असतं तर हेडच कोरलं गेलं असतं.

सरांना फोन केला. हेड उतरवावं लागेल, म्हणजे हेड गॅस्केट नवी, हेड बोल्ट नवे, दोन दिवस आणि खर्च वाढणार, हे आधी सांगितलं, कारणासकट. त्यांनी होकार दिला. हेड गोणपाटात गुंडाळून आंबा घाटाने कोल्हापूरला नेलं. कोल्हापुरात फाउंड्री आणि मशीन शॉप यांची परंपरा जुनी. उद्यमनगरात स्पार्क मशीनवाले आहेत, तुटलेले टॅप काढणं हे त्यांचं रोजचं काम. हे मशीन ड्रिलसारखं कापत नाही. तांब्याचा इलेक्ट्रोड तुकड्याच्या अगदी जवळ आणतात, टेकवत नाहीत. दोघांमध्ये तेल, आणि त्या तेलातून सतत ठिणग्या उडतात. प्रत्येक ठिणगी धातूचा सूक्ष्म कण वितळवून काढते. धातू कडक आहे की मऊ, याचा तिला फरक पडत नाही, आणि जोर शून्य. ठिणगीने धातू घडवण्याची ही रीत १९४३ साली सोव्हिएत संघात लाझारेंको दांपत्याने मांडली.

तिथल्या मेस्त्रींनी डायल लावून भोकाचा खरा मध्य शोधला, तुकड्याचा नव्हे. हे शोधायलाच अर्धा तास. मग साडेपाच मिमीचा इलेक्ट्रोड सोडला. तेलाखाली निळसर ठिणग्या आणि वाळूत पाऊस पडल्यासारखी बारीक चर्रर्र. मी म्हटलं, "काका, थोडं मोठं घेतलं असतं तर?" ते म्हणाले, "आटे तुझे नाहीत, गाडीचे आहेत. राहू दे त्यांना." एक्स्ट्रॅक्टर पूर्ण जळून गेल्यावर स्टडची पातळ साल उरली होती. ती त्यांनी टोकदार सुईने कडेला आत वाकवली, पक्कडीने धरली आणि स्प्रिंगसारखी उलगडत बाहेर ओढली. तो वळसा मी अजून डबीत ठेवला आहे.

चुकीच्या भोकाच्या बाजूचे आटे मात्र गेलेलेच होते. तिथे नवे आटे देणारी हेलिकॉइल घातली. ८.३ मिमीचा ड्रिल, त्याचा खास टॅप, आणि स्टेनलेसच्या तारेचं वेटोळं पृष्ठभागापासून अर्धा फेरा आत. अ‍ॅल्युमिनियममध्ये हे मूळ आट्यांपेक्षा कमी टिकाऊ नसतं, चांगलं बसवलं तर जास्तच.

जोडताना

मॅनिफोल्डचा पृष्ठभाग सरळपट्टी लावून तपासला, कडेला थोडा वाकला होता, तो मशीनवर घासून घेतला. ही पायरी गाळली तर नवी गॅस्केटही पुन्हा कडेलाच सुटते. भोकं साफ करून त्यांची मूळ सैली परत आणली. सगळे सात स्टड नवे, दोन चाक्या एकमेकींवर आवळून आत बसवले. चाक्या तांब्याचा मुलामा असलेल्या. आट्यांना तांब्याची अँटी-सीझ पेस्ट बोटाच्या टोकावर मावेल इतकीच, आणि पेस्ट लावल्यावर टॉर्क, म्हणजे आवळायचा पीळ, कमी ठेवला, कारण घर्षण कमी झाल्याने तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. आवळताना मधून कडेकडे, दोन फेऱ्यांत.

गेल्या महिन्यात गाडी परत आली. दोन पावसाळे होऊन गेले आहेत. हीट शील्डचा एक स्क्रू सैल होऊन खडखडत होता. शील्ड उतरवलीच होती, म्हणून सरांना विचारून पोराने एक नंबरच्या चाकीला पाना लावला. पाव फेऱ्यावर ती मोकळी झाली आणि पुढे बोटाने फिरली. आट्यांवर पेस्ट अजून तांबूस होती. त्याने ती परत टॉर्कला आवळली आणि सरांना चावी दिली.